हरलेल्याला विचारायचं

आबा, तुमची बॅट कुसगावला गेली.

रागावू नका, आधी ऐकून घ्या. 'आबाला जाऊन दीड महिना झाला न्हाई आन् सुनेनं बॅट गावाबाहेर घालवली,' असं पारूमावशी नळावर म्हणाली म्हणे. कुणीतरी तुमच्या फोटोपुढं उभं राहून चहाडीही केली असणार. करू देत. नियम तुम्ही केलात, मी फक्त पाळला. पाळताना जीव किती खालीवर झाला ते तुम्हाला सांगायचंय. आणि तुम्ही असताना तुम्हाला एक वाक्य बोलले होते, ते मागं घ्यायचं राहिलंय. खरं म्हणजे त्या एका वाक्यासाठीच ही वही उघडलीय. लिहिताना माझ्याकडून शाळेतलं मराठी लिहिलं जाणार. तुम्हाला हसू येईल. हसा.

परंदवडीहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला क्रिकेटचा मनापासून राग होता. माहेरी भाऊ टीव्हीपुढं पसरायचे आणि चहा मी द्यायचा. इथं बघते तर सासराही तसाच, वर त्याला आवडायची ती पाच दिवसांची मॅच. मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, आठवतंय का?

"आबा, पाच दिवसांनी तरी निकाल लागतो ना?"

"कदी लागतो, कदी न्हाई."

"न्हाई लागला तर?"

"तर न्हाई लागला."

मी आत जाऊन कपाळाला हात लावला होता. पाच दिवसांत आमच्याकडं लग्न लागून, पूजा होऊन, पाहुणे आपापल्या घरी पोचतात.

मग दोन वर्षांत सासूबाई गेल्या. तुमचा लेक ट्रेलरवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. घरात तुम्ही आणि मी. बोलायचं काय, तोंडं कुणीकडं करायची, काही कळायचं नाही. तुम्ही टीव्हीपुढं, मी खांबाला टेकून तांदूळ निवडत. असंच एकदा बघता बघता माझ्या तोंडून गेलं, "ह्यो मघापासून मारत का न्हाई?"

तुम्ही असे वळलात, जसं काही कितीतरी वर्षं कुणीतरी हे विचारेल म्हणून थांबला होतात. "आगं, तेच तर बगायचंय!" म्हणालात, आणि त्या दिवशी माझे तांदूळ तसेच राहिले.

नवा चेंडू पहिला तासभर कसा छळतो, तो जुना झाला की उलटाच कसा आत येतो, भाताचं खाचर आटल्यावर भेगा पडतात तशा पाचव्या दिवशी खेळपट्टीला कशा पडतात आणि मग साधा फिरकीवालाही कसा माजतो, हे सगळं मी तुमच्याकडनं शिकले. भाकरी थापता थापता शिकले. आणि शिकल्यावर गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे तुम्हाला लवकरच कळलं.

आपला तो रिवाज कधी सुरू झाला ते मला आता आठवत नाही. मॅच संपली की तुम्ही टीव्हीचा आवाज बंद करायचात. बक्षीस कुणाला मिळतंय ते ऐकायच्या आधी आपण दोघांनी एकेक नाव घ्यायचं. सामना जिंकून दिला तो कुणाच्या खेळीनं? तुमचं नाव वेगळं, माझं वेगळं. मग जी जुंपायची, ती पुढची कसोटी सुरू होईपर्यंत.

मी सरळ बाजू घ्यायचे. धावा कुणाच्या जास्त? त्याची खेळी. एकदा आपल्या एकानं ठणठणीत सपाट खेळपट्टीवर दोनशे ठोकले. मी लगेच त्याचं नाव घेतलं. तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. "त्या खेळपट्टीवर तू बी पन्नास केलं असतंस," म्हणालात. तुमचं म्हणणं एकच. धावा मोजू नको, सामना कुठल्या तासाला वाकला ते बघ. त्या तासाला बॅट कुणाच्या हातात होती? दोन गडी झटपट गेलेत, समोरचा बोलर पेटलाय, चेंडू गुडघ्यावरनं छातीवर उसळतोय, अशा वेळी जो तासभर उभा राहिला त्याच्या पंधरा धावा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, थकलेल्या बोलरला जो झोडपतो त्याला टाळ्या मिळतात. पण बोलरला थकवलं कुणी?

मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. एकदा तिसऱ्या डावात एकानं भराभर सत्तर काढल्या आणि एकानं सावकाश शंभर. तुम्ही शंभराच्या बाजूचे. मी म्हटलं, आबा, कसोटीत वीस गडी काढल्याशिवाय जिंकता येत नाही, आणि वीस गडी काढायला वेळ लागतो. त्या सत्तरनं आपल्या बोलरना दीड तास जास्तीचा दिला. शेवटची विकेट दिवस मावळायला दहा मिनिटं असताना पडली. दीड तास नसता तर? दोन दिवसांनी जेवताना आमटी वाढत होते तेव्हा एकदम म्हणालात, "व्हय. ती सत्तरच." मला आधी कळेचना कसली सत्तर. कळल्यावर मी पळी हातात धरून अशी नाचले की माझी बारकी सई घाबरून रडायला लागली.

एरवी तुम्ही मान्य करायचा नाहीत. "ह्यॅ!" एवढंच. तुमचा तो 'ह्यॅ' ऐकला की मला आणखी चेव यायचा.

आपल्या खाचरातल्या सामन्याबद्दल परगावच्या माणसाला सांगितलं तर तो वेड्यातच काढेल. सगळा मावळ टेनिस बॉलच्या टुर्नामेंटी खेळतो, सहा सहा ओव्हरच्या, डीजे लावून. आणि तुम्ही भात निघालं की आपल्या मोठ्या खाचरातली धसकटं काढून, पाणी मारून, सिमेंट भरलेला पिंप फिरवून खेळपट्टी करायचात, आणि आपलं भाजे विरुद्ध कुसगाव असा दोन रविवारांचा सामना लावायचात. दोन्ही संघांचे दोन दोन डाव, कातडी सीझन बॉल, पांढरे कपडे असले तर असले. पहिल्या रविवारी पहिले डाव, दुसऱ्या रविवारी दुसरे. मधल्या आठवड्यात कुणाच्या म्हशी खेळपट्टीवरनं गेल्या तर पोरं बोंब मारायची आणि तुम्ही खूश. "पाचव्या दिवसाची खेळपट्टी अशीच असती, खेळा आता."

आणि बक्षीस म्हणजे तुमची बॅट. तरुणपणी वापरलेली, तेलानं काळपट झालेली. ज्याच्या खेळीनं सामना जिंकला त्याच्या घरी ती वर्षभर राहायची. त्यानं तिला जवसाचं तेल लावायचं, ओल लागू द्यायची नाही, आणि पुढच्या सामन्याला परत आणायची. कुणाच्या घरी देव्हाऱ्याशेजारी, कुणाच्या घरी टीव्हीच्या वर.

द्यायची कुणाला, हे ठरवायची तुमची रीत तर जगावेगळी. धावांच्या वहीत बघायचं नाही. सामना संपला की कांदाभज्यांचं ताट घेऊन तुम्ही हरलेल्यांत जाऊन बसायचात. त्यांच्या बोलरपुढं ताट सरकवायचं, दोन भजी खाऊ द्यायची आणि मग हळूच विचारायचं, "खरं सांग गड्या, खेळी कुणाची?"

मी एकदा म्हटलं, जिंकलेल्यांना का नाही विचारत? तर म्हणालात, "जिकलेला मानूस नाचत असतो, त्याला काय ठाव? हरलेला घरी जाऊन महिनाभर इचार करत बसतो. त्यालाच समदं ठाव असतं."

धोंडूदाचं वर्ष ही मी लग्न होऊन आल्यावर सगळ्यात आधी ऐकलेली गोष्ट. वरच्या वाडीचा धोंडूदा, पायात चप्पल नाही, शेवटून दुसरा खेळायला आलेला. त्यानं केल्या नऊ. पाटलांच्या पोरानं केल्या सत्तर आणि तो हारासाठी मान पुढं करून बसलेला. कुसगावच्या बोलरनं भजी खाल्ली आणि म्हणाला, "त्यो अनवाणी. त्याला मी समदं टाकून बगितलं. अंगावर टाकलं, पायावर टाकलं. त्यो माझ्याकडं बगून हसायचा. मग माझा जीवच गेला." बॅट धोंडूदाच्या घरी गेली, छपराच्या वाशाला वर्षभर टांगून होती, आणि पाटलांचा पोरगा वर्षभर तुमच्याशी बोलला नाही. तुम्हाला काही फरक पडला नाही. टीव्हीतल्या हरलेल्यांना भजी चारता येत नाहीत याचं मात्र तुम्हाला वाईट वाटायचं. म्हणून तुम्ही त्यांच्या बोलरचे खांदे बघत बसायचात. "ह्यो बग, ह्यानं आता मान टाकली."

सई वर्षाची असताना परंदवडीजवळच्या कंपनीत बायका घेताहेत असं माझ्या भावानं कळवलं. पार्ट तपासायच्या लाइनवर. भावकीत सगळे नको म्हणाले, तुमचा लेकसुद्धा. तुम्ही अंगणात विळ्याला धार लावत होतात, मान वर न करता म्हणालात, "जाऊ द्या तिला. पोरीचं मी बगतो."

मला वाटलं, बघतो म्हणजे खेळवतो. तुम्ही तर चुलीचाच ताबा घेतलात. तुमची पहिली भाकरी मी डब्यात नेली होती आबा, एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची, आणि मधे बोटं गेलेली. लाइनवरच्या बायका हसून हसून पडल्या. मी पण हसले आणि सगळी खाल्ली. पारूमावशी तुम्हाला दारातनं ऐकवायची, "सून कंपनीत आन् सासरा चुलीपुढं, काय पण दिवस!" तुम्ही म्हणायचात, "चुलीला कळतंय का मावशे, भाकर कोन थापतंय?" सहा महिन्यांत तुमच्या भाकरीला पापुद्रा सुटायला लागला. सईच्या दोन वेण्या तुम्ही घालायचात, एक वर एक खाली. शाळेतल्या बाईंनी विचारलं तर सई ठसक्यात सांगायची, माझ्या आबांनी घातल्यात.

फर्स्ट शिफ्टला उजाडायच्या आत निघायला लागायचं. स्कूटी घेईपर्यंत तुम्ही रोज माझ्याबरोबर रेल्वेचं फाटक ओलांडून कार्ला फाट्यापर्यंत चालत यायचात. शेजारची काकी सईजवळ झोपलेली असायची तेवढा वेळ. मी म्हणायचे, जा आता आबा, बस येईल. "बस दिसल्याबिगर कसा जाऊ?" बसमध्ये चढून मी काचेतून बघायचे. तुम्ही कानाला मफलर गुंडाळून तिथंच.

पुढं मी लाइनची प्रमुख झाले. कंपनीनं महिला दिनाला शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. तो फोटो तुम्हीच फ्रेम करून आणलात आणि बॅटच्या रिकाम्या खिळ्याशेजारी लावलात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचात. गावात मला 'कर्तबगार बाई' म्हणायला लागले. पारूमावशीसुद्धा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आता ते वाक्य.

दिवाळी नुकतीच झाली होती, सईला सुट्टी. कसोटीचा चौथा दिवस, रविवार, आणि मला ओव्हरटाइम. तुमच्या छातीचं दुखणं आदल्या महिन्यात निघालं होतं आणि डॉक्टरांनी दगदग नको म्हणून सांगितलं होतं. मी घरी आले तर दूध उतू जाऊन सगळ्या ओट्यावर पसरलेलं, आणि तुम्ही टीव्हीपुढं बाजेवर ताठ बसलेले. लाइनवर त्या दिवशी अख्खा लॉट परत आला होता, माझं डोकं आधीच तापलेलं. मी ओटा पुसायला लागले. तुम्ही तिकडून कौतुकानं सांगताय, "आगं ये, बग तर. पैल्या डावात त्या पोरानं शंभर केलं ते सोड. ह्यो दोन तास झाले हुभा हाय, ईस-बावीस धावा फक्त. बॉल बरगडीवर खाल्लाय. ह्योच जिकून देनार, तू बग."

आणि मी फडकं आपटून म्हणाले, "नुसतं उभं राहणं म्हणजे काय काम झालं का आबा?"

मी क्रिकेटबद्दलच बोलत होते. देवाशपथ, निम्मं तरी क्रिकेटबद्दल बोलत होते. पण दूध उतू गेलेलं होतं, फडकं माझ्या हातात होतं, आणि वाक्य तोंडातून सुटल्याबरोबर मला कळलं की ते बरगडीवरच जाऊन लागलं.

तुम्ही 'ह्यॅ' म्हणाला नाहीत. माझ्याकडं बघितलंत, टीव्हीकडं बघितलंत, आणि म्हणालात, "बरं."

इतक्या वर्षांत तुम्ही मला वादात कधी 'बरं' म्हणाला नव्हतात. मी जेवायला वाढलं, तुम्ही जेवलात, औषध घेतलंत. मला वाटलं, उद्या मॅच संपेल, आपण नावं घेऊ, मी मुद्दाम त्या बावीसवाल्याचं नाव घेईन, आबा हसतील, विषय मिटेल. मी सरळ 'चुकले' म्हणून मोकळी का झाले नाही? नाक आडवं आलं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. चार वाजता घरी आले तर दारात माणसं. मॅच बघून तुम्ही बाजेवर आडवे झालात, सईला वाटलं झोप लागली. मी खूप दिवसांनी तिला विचारलं, आबा शेवटी काय बोलले? ती म्हणाली, "आपण जिंकल्यावर आबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मी म्हटलं, आता नाव सांगा. तर म्हणाले, आता न्हाई, तुज्या आईला येऊ दे."

म्हणजे तुम्ही माझी वाट बघत होतात. रुसला नव्हतात, किंवा रुसूनही वाट बघत होतात. नाव कुठलं घेणार होतात ते मला कधीच कळणार नाही. आणि मी जे नाव घेणार होते, ते ऐकायला तुम्ही थांबला नाहीत.

महिन्याभरानं पोरं आली. "वहिनी, सामना करायचा का या वर्षी?" मी म्हटलं, करायचा. खाचर आपलं, खेळपट्टी मी आणि सईनं पाणी मारून तयार केली. पिंप गणेशनं ओढला. तोच, तुमच्या चुलतभावाचा नातू, आपला मोठा बोलर. बॅट कुणाला द्यायची ते मी ठरवायचं, असं सगळ्यांनी माझ्या गळ्यात मारलं. पाठोपाठ कानाशी लागले, "वहिनी, या वर्षी आबांची बॅट गावातच राह्यला पायजे. हरलो तरी आपल्याच पोराला द्या. शेवटी आबांची आठवण हाय." मी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

दोन्ही रविवार मी तुमच्या खुर्चीत बसून होते. मधल्या आठवड्यात म्हशी येऊन गेल्या, तुम्ही खूश झाला असतात. दुसऱ्या रविवारी दुपारी कुसगावला जिंकायला शंभरावर थोड्या हव्या होत्या आणि खेळपट्टी अशी झाली होती की चेंडू टप्पा पडून कुठं जाईल ते बोलरलाही ठाऊक नाही. गणेश पेटलेला. एकामागून एक तीन गेले. पण त्यांचा सलामीचा बारका पोरगा जागचा हलेना. दांडीवर येणारा चेंडू तेवढा अडवायचा, बाकीचे सोडायचा. हाताला लागलं, पायाला लागलं, चोळायचा आणि परत उभा. दुपारभर उभा राहून त्यानं तेरा केल्या.

आबा, मी आपल्या गावची आणि मनातून त्या पोराच्या बाजूची झाले. मला वाटलं, हाच. हरलेले याचंच नाव घेतील, मी याच्या हातात बॅट देईन, आणि देताना मनातल्या मनात तुम्हाला म्हणेन, बघा, मी माझं वाक्य मागं घेतलं. तुमच्यापर्यंत पोचायचा मला तेवढाच एक रस्ता दिसत होता.

मग अमोल आला. कुसगावच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये असतो तो, हातावर तेल उडाल्याचे डाग. त्यानं येऊन तासाभरात अठ्ठेचाळीस मारल्या आणि सामना घेऊन गेला.

मी भज्यांचं ताट उचललं आणि आपल्याच पोरांत जाऊन बसले. गणेशपुढं ताट सरकवलं. त्यानं एक भजं घेतलं आणि नुसतंच हातात धरून ठेवलं.

"खरं सांग गणेश. खेळी कुणाची?"

"काकी, तुमाला ठावं हाय पोरं काय म्हनत्यात. गावातच…"

"ते मी तुला विचारलं न्हाई."

त्यानं भजं परत ताटात ठेवलं. मी आतल्या आत म्हणत होते, सलामीवाला म्हण रे, सलामीवाला म्हण.

"अमोलची," तो म्हणाला. "बारक्या हुभा व्हता, पन त्याचं मला भ्या न्हाई वाटलं. म्हनलं, राहू दे ह्याला, दुसऱ्या बाजूनं काढू. पन अमोलला मी दिवसातला सगळ्यात चांगला बॉल टाकला, उठून आत आलेला. आन् त्यानं पुढं यिऊन त्यो बांधापार घातला. त्याच्यानंतर मला टप्पाच गावला न्हाई, काकी."

"पण बारक्या उभा नसता तर अमोल…"

"आसंल. पन तुमी मला विचारलं."

म्हणजे मी जिंकले, आबा. तुमच्याच रीतीनं, तुमच्याच खाचरात, माझी बाजू खरी ठरली. जास्त धावांवाल्याची खेळी. आणि मला इतकं रडायला आलं की पोरांना वाटलं बॅट कुसगावला चालली म्हणून रडतेय. गणेशचं बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. मी उठून त्या बारक्याचं नाव घेतलं असतं तर कुणाला कळलं नसतं. दिनेशचं, आपल्या कप्तानाचं नाव घेतलं असतं तर गावानं मला डोक्यावर घेतलं असतं. पण हरलेल्याला विचारायचं आणि मग त्याचं ऐकायचं नाही, हे तुमच्यात बसलं नसतं.

अमोलला बॅट दिली. जवसाच्या तेलाचा पातळ हात, पावसाळ्यात जमिनीला टेकवायची नाही, सगळं सांगितलं. तो पाया पडला. तो बारका सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. आपली पोरं मात्र पॅड गुंडाळायला निघून गेली. येतील ठिकाणावर.

घरी येताना सई बांधावरनं पुढं चालत होती, बॅटची रिकामी पिशवी खांद्याला. सासूबाईंनी शिवलेली ती. डोंगराआड ऊन गेलं होतं. एकदम थांबली आणि मागं वळली.

"आई, आपण हरलो ना?"

"हरलो की."

"मग मी तुला विचारते. खरं सांग, खेळी कुणाची?"

ती सामन्याचंच विचारत होती. पण मला दीड महिन्यात कुणी हे विचारलं नव्हतं, आबा. सगळे म्हणत होते, धीर धर, वय झालं होतं, सुटले. हरलेला महिनाभर विचार करत बसतो म्हणालात ना? मी तेच करत होते. रोज स्कूटीवरनं कार्ला फाट्याकडं बघत करत होते.

"आबांची," मी म्हटलं.

"आबा कुठं खेळले?"

"लय वर्षं खेळले. तू बारकी होतीस."

तिला काय कळलं कोण जाणे. पिशवी मला दिली आणि माझा हात धरून चालायला लागली.

म्हणून आता कुणाच्या बॅटीच्या आडून नाही, सरळच सांगते. दूध उतू गेलं त्या दिवशी बोलले ते मी मागं घेते. धावा माझ्या नावावर लागल्या, शाल मला मिळाली, भिंतीवर फोटो माझा. आणि समोरच्या बाजूला दहा-अकरा वर्षं तुम्ही उभे होतात, करपलेली भाकरी आणि अख्ख्या गावाचं हसणं अंगावर घेत. तुम्ही एक दिवस जरी बाद झाला असतात तरी माझा डाव तिथंच संपला असता. आपल्या घरचा सामना तुमच्या उभं राहण्यानं जिंकला, आबा. हरलेल्या माणसाचं हे सांगणं आहे, तेव्हा ते धरायला लागेल तुम्हाला. तुमचाच नियम आहे.

पटत नसेल तर 'ह्यॅ' म्हणा. भांडा माझ्याशी, मी पुढची कसोटी सुरू होईपर्यंत भांडायला तयार आहे. फक्त 'बरं' म्हणू नका.